कंटाळवाण्या हिशेबाच्या बाजूनं

आशुतोष गोवारीकरांच्या ‘पानिपत’चा निकाल आमच्या धामणगावात केव्हाच लागून गेला आहे. पहिले दोन तास रटाळ, शेवटची लढाई जबरदस्त. चहाच्या टपरीवर तो वऱ्हाडीत ऐकायला मिळतो: ‘लढाई पाहाले मजा येते राजेहो, पन तिथलोक जाता जाता मानूस झोपून जाते. निरा हिसाबच हिसाब!’ ६ डिसेंबर २०१९ ला चित्रपट लागला, तेव्हा शहरी समीक्षकांचा सूरही फार वेगळा नव्हता, भाषा तेवढी सभ्य होती. लांबी जास्त, गती कमी, अर्जुन कपूर सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब म्हणून शोभत नाही, पण अखेरच्या रणधुमाळीत दिग्दर्शक सावरतो.

परवा हा चित्रपट पुन्हा पाहिला. घरी, सलग, मध्ये न उठता. आणि हा निकाल उलटा लावायला हवा अशी खात्री झाली. ‘पानिपत’मध्ये जे पाहण्यासारखं आहे ते त्या हिणवलेल्या पहिल्या भागात आहे. शेवटची लढाई हा त्यातला सर्वांत कच्चा भाग आहे. जिथं शिट्ट्या पडल्या, तिथंच दिग्दर्शकानं हत्यार टाकलं.

आधी त्या ‘हिशेबा’त काय आहे ते पाहू. चित्रपट उदगीरपासून सुरू होतो. निजामाच्या पदरी असलेला तोफखान्याचा जाणकार इब्राहिमखान गारदी भाऊंच्या हाती लागतो आणि भाऊ त्याला आपल्याकडे घेतात. पुण्यात जल्लोष होतो, अजय-अतुलचं ‘मर्द मराठा’ वाजतं, शनिवारवाडा झगमगतो. आणि एवढा विजय मिळवून आलेल्या सेनापतीच्या हाती काय दिलं जातं? दौलतीचा जमाखर्च. पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंना आपल्या मुलाची, विश्वासरावाची काळजी आहे, दीर डोईजड होऊ नये असं त्यांना वाटतं, म्हणून भाऊ तलवारीवरून वह्यांवर. वह्या उघडल्यावर त्यांना दिसतं की हिंदुस्थानभरच्या संस्थानिकांकडे मराठ्यांची येणी थकली आहेत. वसुलीची पत्रं जातात. ज्यांच्याकडे थकबाकी आहे त्यांत नजीबखान रोहिला आहे, आणि तो पैसे देण्याऐवजी अफगाण बादशहा अब्दालीला बोलावतो.

टपरीवरच्या मंडळींना हे रटाळ वाटलं. मला ते धाडसी वाटतं. इतिहासाला धरूनही ते फार चुकीचं नाही, कारण पेशव्यांच्या दरबारातला कारभार भाऊंनी उदगीरच्या पुष्कळ आधीपासून सांभाळलेला होता. कागदपत्रांत मुरलेला हा माणूस होता. आपल्या ऐतिहासिक चित्रपटांत लढाईचं कारण नेहमी एकच असतं, कोणीतरी कोणाचा तरी अपमान केलेला असतो. इथं पहिल्यांदाच एक दिग्दर्शक सांगतो आहे की साम्राज्य ही वसुलीची गोष्ट आहे, वसुली थकली की फौज हलवावी लागते, आणि फौज हलवायला पुन्हा पैसाच लागतो. मराठे उत्तरेत केवळ अटकेवर झेंडे लावायला गेले नव्हते. चौथाई गोळा करायला गेले होते. हे पडद्यावर सांगायचं म्हणजे शिट्ट्यांवर पाणी सोडायचं, आणि गोवारीकरांनी अर्ध्या चित्रपटापुरतं ते सोडलं.

त्यांच्याकडून हे अपेक्षितच होतं. ‘लगान’ (२००१) हा क्रिकेटचा चित्रपट म्हणून आपण लक्षात ठेवला, पण त्याचं नाव, त्याचं भांडण आणि त्यातली पैज सारं शेतसाऱ्यावर आहे. ‘जोधा अकबर’मध्ये (२००८) बादशहा लोकांच्या मनात उतरतो तो यात्रेकरूंवरचा कर रद्द करतो तेव्हा. कराची पावती पडद्यावर आणून लोकांना खुर्चीत बसवून ठेवण्याची हातोटी या माणसाइतकी आपल्याकडे दुसऱ्या कोणाला साधलेली नाही. चंपानेरच्या शेतकऱ्यांवरचा दुप्पट लगान आपल्याला कंटाळवाणा वाटला नाही, मग नजीबकडची थकबाकी का वाटावी? कारण ‘लगान’ला जाताना आपण तलवारी पाहायच्या ठरवून गेलो नव्हतो.

आता प्रत्यक्ष इतिहासात हा हिशेब किती मोठा होता ते पाहा. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर. १४ मार्चला परतूरहून, तेव्हाच्या पतदूरहून, फौज उत्तरेला निघाली. हे परतूर आज जालना जिल्ह्यात आहे. तिथून बऱ्हाणपूरकडे जायचं म्हणजे वऱ्हाडच्या पश्चिम कडेनंच जायचं. पुणे ते पानिपत अंतर दीड हजार किलोमीटरच्या घरात. चंबळ ओलांडेपर्यंत पाऊस आला, यमुनेला पूर आला, पलीकडे दुआबात उतरून शत्रूला गाठायचं राहून गेलं. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, पण दिल्लीच्या खजिन्यात खडखडाट. मग दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून तिचे रुपये पाडले. सुमारे नऊ लाख भरले, आणि ते फार दिवस पुरले नाहीत. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला आणि तिथल्या अफगाणांच्या धान्याच्या कोठारानं काही काळ छावणी पोसली. २५ ऑक्टोबरच्या सुमारास अब्दाली बागपतला यमुना उतरून अलीकडे आला आणि मराठ्यांची दक्षिणेची वाट तुटली. तिथून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे अडीच महिने, दोन्ही फौजा समोरासमोर बसून होत्या. हे अडीच महिने म्हणजेच पानिपतची लढाई. १४ जानेवारी हा तिचा शेवटचा दिवस.

आमच्यासारख्या रेल्वेमुळे वसलेल्या आणि कापसावर वाढलेल्या बाजारपेठेच्या गावात हे समजावून सांगायची गरज पडू नये. घोड्याला दिवसाला चार किलो दाणा धरला आणि पन्नास हजार घोडी धरली, तर रोजचा दोन हजार क्विंटल दाणा झाला. दहा टनी ट्रक धरले तर वीस ट्रक, रोज, एकही खाडा न करता. त्यात वैरण नाही. वैरण घोड्यामागे आठ-दहा किलो, म्हणजे आणखी चार-पाच हजार क्विंटल. तोफा ओढणारे बैल वेगळे, हत्ती-उंट वेगळे. लढणारे, न लढणारे, यात्रेकरू, बायका, बुणगे मिळून लाखभर माणसं धरली आणि माणशी अर्धा किलो पीठ धरलं, तर पाचशे क्विंटल तेही. संख्या कमी-जास्त करा, इतिहासकारांचेही आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पण आमच्या बाजार समितीत ज्यानं एकदा तरी सोयाबीनची हर्रासी पाहिली आहे, आवक थांबली की भाव कसा उसळतो आणि दुसऱ्या दिवशी उधारी कशी बंद होते हे पाहिलं आहे, त्याला या आकड्यांनी घाम फुटायला हवा. कोणी देशमुख-पाटील आपल्या गोठ्यातल्या चार जोड्यांच्या कडब्याची आणि ढेपेची काळजी दिवाळीपासून करतो. भाऊंकडे शत्रूच्या मुलुखात अख्खं शहर बसलं होतं.

मध्ययुगीन फौजांचं धान्य वाहत कोण होतं? बंजारे. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या घालून त्यांचे तांडे मोगलांनाही धान्य पुरवत आणि मराठ्यांनाही. तांडा फौजेपर्यंत पोचला तर फौज जगली, नाही पोचला तर सेनापती कितीही शूर असो. आज यवतमाळ-वाशीमकडे ज्यांची वस्ती दाट आहे, पोहरादेवीला ज्यांची यात्रा भरते, त्याच समाजाचे पूर्वज हे. त्यांना ‘पानिपत’मध्ये एकही चेहरा मिळालेला नाही, आणि ही त्या पहिल्या भागातली मोठी उणीव आहे. पण तक्रार करायची तर अशी करा की हिशेब पुरा मांडला नाही. तो मांडलाच कशाला, ही तक्रार उलट्या टोकाची आहे.

यावर एक प्रतिवाद नेहमी येतो. सिनेमा म्हणजे रोजकीर्द नव्हे, लोक पैसे देऊन मनोरंजनाला येतात. मान्य. पण उपासमार दाखवणं हे मनोरंजनाच्या आड येतं असं कोणी सांगितलं? उलट त्या अडीच महिन्यांत जेवढं नाट्य आहे तेवढं १४ जानेवारीच्या दिवसात नाही. सुरुवातीला मराठ्यांकडे धान्य येत होतं, पतियाळाच्या आलासिंगाकडून रसद मिळत होती, आणि पेशव्यांचे मामलेदार गोविंदपंत बुंदेले दुआबात अब्दालीची रसद मारत होते, त्यामुळे टंचाई पलीकडच्या छावणीत होती. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि पारडं फिरलं. त्याच महिन्यात मराठ्यांचे सरदार बळवंतराव मेहेंदळे पडले. पुढे दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली स्वारांची एक तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकली आणि आपलीच छावणी समजून थेट अफगाणांच्या छावणीत शिरली. मारली गेली, पैसा गेला. लाकूडफाटा आणि गवत आणायला रात्री बाहेर पडलेले छावणीतले गरीब लोक अफगाणांच्या गस्तीनं कापून काढले, असं अब्दालीच्या बाजूनं असलेल्या अवधच्या नवाब शुजाच्या पदरचा काशीराज पंडित लिहून गेला आहे. त्या वाट चुकलेल्या स्वारांची एक रात्र पडद्यावर कल्पून पाहा. थंडी, धुकं, कमरेला बांधलेले रुपये, समोर शेकोट्या दिसल्याचा आनंद, आणि मग कानावर पडलेली परकी भाषा. यात कोणाला झोप येईल?

म्हणजे पहिला भाग हिशेबामुळे पडला हे खरं नाही. तो जिथं पडतो तिथं हिशेब सोडून भलतीकडे गेल्यामुळे पडतो. पार्वतीबाईंना वैद्य केलं आहे ते मी समजू शकतो, त्यामुळे छावणीतले जखमी कोणाच्या तरी डोळ्यांनी दिसतात, आणि क्रिती सेनननं ते नेटकं केलं आहे. पण प्रेमप्रसंगांना दिलेला वेळ अवाच्या सवा आहे. झीनत अमान यांची सकीना बेगम येते आणि जाते, कशाला ते कळत नाही. अर्जुन कपूरबद्दल बोलायचं तर, वह्या चाळणारा, आकडे ऐकून कपाळाला आठ्या घालणारा, जरा अवघडलेला कारभारी म्हणून तो मला पटला. तलवार हाती आली की तो कोणत्याही हिंदी चित्रपटाचा नायक होतो. पुन्हा पाहताना आणखी एक गोष्ट मनाला लागली. मल्हारराव होळकर झालेले रवींद्र महाजनी आणि शनिवारवाड्याचा सेट उभा करणारे नितीन चंद्रकांत देसाई, दोघेही २०२३ मध्ये अवघ्या काही आठवड्यांच्या अंतरानं गेले. महाजनींना त्या वयात केवढं कमी काम दिलं गेलं हे त्यांचा मल्हारराव पाहताना कळतं. जनकोजी शिंद्यांच्या भूमिकेत त्यांचाच मुलगा गश्मीर आहे. बापलेकाला एका छावणीत आणून दिग्दर्शकानं दोघांनाही मोठा प्रसंग दिला नाही.

आता ती जबरदस्त लढाई.

१३ जानेवारीला छावणीत दाणा संपला होता. काशीराज सांगतो की सरदार आणि शिलेदार भाऊंच्या तंबूत गेले आणि म्हणाले, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. शिल्लक होतं ते वाटून खाल्लं आणि पहाटे हातातोंडाला हळद फासून निघाले. बेत गोलाच्या लढाईचा होता. मध्ये बायकामुलं आणि बुणगे, भोवती फौज, कडेला इब्राहिमखानाचा तोफखाना आणि बंदूकधारी गारदी, आणि हे सगळं एकसंध ठेवून शत्रूची फळी फोडत बाहेर पडायचं. हा बेत पाळायला शिस्त लागत होती. आठ-दहा हजार गारद्यांना ती होती. डाव्या बाजूला त्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. पण विठ्ठल शिवदेव आणि दमाजी गायकवाडांचे घोडेस्वार उत्साहाच्या भरात गारद्यांच्या पुढे निघाले, आपल्याच बंदुकांच्या तोंडासमोर आले, आणि गोल फुटला. तरी दुपारपर्यंत मधल्या फळीनं अफगाणांना मागं रेटलं होतं. मग अब्दालीनं राखून ठेवलेली ताजी फौज आणि उंटांवरच्या जंबुरक तोफा आणल्या. समोर होती सकाळपासून लढणारी, बऱ्याच दिवसांची अर्धपोटी माणसं, आणि त्यांच्याहून जास्त उपाशी घोडी. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरले, अंबारी रिकामी दिसली आणि फौज फुटली.

ही लढाई पोटानं हरली गेली. चित्रपट ती तलवारीनं हरवतो. उपासमारीचा उल्लेख आधी येऊन जातो हे खरं, पण रण सुरू झाल्यावर पडद्यावरचा एकही माणूस उपाशी दिसत नाही. पिळदार दंड आहेत, धुतलेले अंगरखे आहेत, घोडी तजेलदार आहेत. सगळं बळ द्वंद्वांवर खर्च होतं, कोण कोणाला किती शौर्यानं मारतो यावर. शेवटी भाऊ एकटे, चहूबाजूंनी घेरलेले, आणि तलवार चालतेच आहे. एवढा वेळ चालते की हा माणूस हरतो आहे हे आपण विसरतो. ज्या दिग्दर्शकानं दीड-दोन तास घालवून आपल्याला पटवलं की युद्ध म्हणजे रसद, मित्र, पैसा आणि ऋतू, त्यानंच शेवटी सांगून टाकलं की युद्ध म्हणजे एक शूर माणूस. मग वह्या उघडल्या कशाला होत्या?

टाळ्या इथंच पडल्या, आणि हेच माझं मुख्य भांडण आहे. या शेवटानं प्रेक्षकाची सुटका केली. पराभव का झाला हा प्रश्न बाजूला पडला आणि आपण किती शूर होतो एवढंच घेऊन लोक बाहेर पडले. त्यावर कळस म्हणजे चित्रपटाच्या अखेरीस येणारं अब्दालीचं पत्र, शत्रूकडून शौर्याचं प्रमाणपत्र. आपल्या मोठेपणाला अब्दालीची सही हवीच कशाला?

अकिरा कुरोसावांचा ‘कागेमुशा’ (१९८०) या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत ताकेदांचं नावाजलेलं घोडदळ बंदुकांच्या माऱ्यात संपलं. विषय आपल्या पानिपतच्या किती जवळचा! कुरोसावा घोडदळाची चढाई सुरू होताना दाखवतात, बंदुका झडतात, आणि मग कत्तल दाखवायचं टाळून कॅमेरा बघणाऱ्या सरदारांच्या चेहऱ्यांवर ठेवतात. सारं संपल्यावर पडलेली माणसं आणि उठू पाहणारी घोडी दिसतात, खूप वेळ, सहन होणार नाही इतका वेळ. तिथं कोणी टाळी वाजवत नाही. गोवारीकरांना हे जमलं नसतं असं मी म्हणणार नाही. ज्यानं ‘स्वदेस’मध्ये (२००४) पाण्यावर पेटलेला एक दिवा पाहणाऱ्या चेहऱ्यांवर अख्खा प्रसंग तोलला, त्याला उपाशी फौजेचे चेहरे दाखवता आले असते. त्यानं दाखवले नाहीत, कारण बाजार तलवार मागत होता.

बाजारानं तरी काय दिलं? ‘पानिपत’ तिकीटबारीवर आपटला. पाचच आठवड्यांनी, १० जानेवारी २०२० ला, ‘तान्हाजी’ आला आणि त्या वर्षातला सर्वाधिक कमाईचा हिंदी चित्रपट ठरला. तेव्हापासून आमच्याकडं तुलना सुरू आहे: ‘तान्हाजी पाह्य, याले म्हनतात पिक्चर.’ ही तुलनाच मुळात चुकीची आहे. कोंढाणा ही एका रात्रीची, एका किल्ल्याची, निवडक मावळ्यांची लढाई. तिथं दोर, कडा, अंधार आणि समोरासमोर तलवार हेच सगळं आहे, तान्हाजी आणि उदयभान दोघेही त्यातच पडले. द्वंद्वाचा चित्रपट तिथं शोभतो. (मगरींबद्दल आणि त्या अजस्र तोफेबद्दल मी इथं काही बोलत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) पानिपतला तान्हाजीचं माप लावलं की पानिपत तोकडाच दिसणार. दुर्दैव हे की गोवारीकरांनीही शेवटच्या भागात तेच माप हाती घेतलं, आणि त्या मापात दुसऱ्यांनी त्यांना मागं टाकलं.

चित्रपटावर बाहेरून जे आक्षेप आले त्यातला एक मला वजनदार वाटतो. भरतपूरचा सूरजमल जाट मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागतो असं दाखवल्यावर राजस्थानात संताप झाला आणि काही मिनिटांची दृश्यं कापावी लागली. संताप अनाठायी नव्हता. बायकामुलं आणि जड सामान मागं सुरक्षित ठेवा आणि हलक्या फौजेनं लढा, हा सल्ला सूरजमलनं दिला होता. तो मानला गेला नाही. आणि पराभवानंतर जखमी, नागडे-उघडे मराठे जेव्हा त्याच्या मुलुखात पोचले, तेव्हा त्यानं त्यांना अन्न, वस्त्र आणि औषधपाणी दिलं. पहिल्या बाजीरावाचा मुलगा समशेरबहाद्दर यानं तिथंच प्राण सोडला. चित्रपटाला सौदा दिसला, उपकार दिसले नाहीत. पण कापाकापीनं हे कसं भरून निघणार? तिथं कात्री नको होती, एक दृश्य वाढवायला हवं होतं: भुकेल्यांच्या पानात वाढणारे हात. हिशेबाच्या चित्रपटात जमेची ही बाजू यायलाच हवी होती.

संजय दत्तच्या अब्दालीचंही तसंच. अफगाणिस्तान ज्याला राष्ट्राचा बाप मानतो तो माणूस इथं नुसता गुरगुरतो. त्याच्या सैनिकांना घरी जायचं होतं, त्यांचे पगार थकले होते, त्याची सगळी भिस्त नजीबच्या दुआबातून येणाऱ्या धान्यावर होती. म्हणजे त्याच्यासमोरही तोच हिशेब होता, फक्त त्याला दाणा मिळत राहिला. दोन तंबूंतले दोन कारभारी, दोघांची झोप एकाच चिंतेनं उडालेली, असा चित्रपट होऊ शकला असता. नजीब नुसता कारस्थानी म्हणून दाखवला की त्याचं खरं कर्तृत्व झाकलं जातं. त्यानं अब्दालीला बोलावलं हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानं अब्दालीला जेवू घातलं हे जास्त महत्त्वाचं आहे.

भाऊ गर्वानं हरले, हे आजोबांपासून नातवापर्यंत सगळे सांगतात. त्र्यं. शं. शेजवलकरांनी ‘पानिपत : १७६१’ लिहून या समजाला कागदपत्रांनिशी उत्तर दिलं त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. भाऊंच्या चुका होत्या. एवढा गोतावळा सोबत जाऊ देणं ही चूक, सूरजमलला तुटू देणं ही चूक. पण तिशीतला हा माणूस गोविंदपंतांना पत्रांमागून पत्रं लिहितो आहे, पैसा पाठवा, शत्रूची रसद तोडा, आणि पैसा येत नाही, हे चित्र गर्विष्ठाचं नाही, कर्जात बुडत चाललेल्या घरकर्त्याचं आहे. विदर्भात हा माणूस ओळखायला आम्हाला कोणी शिकवावं लागू नये. पहिल्या भागातला भाऊ थोडाफार असा आहे. शेवटच्या भागानं त्याला पुतळा केलं.

काही जण म्हणतात, नागपूरकर भोसल्यांची फौज पानिपतावर नव्हती, आपल्या वऱ्हाडाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध असा की ज्या कारणानं पानिपत हरलं त्याच कारणानं बेचाळीस वर्षांनी आमच्या दारातल्या लढाया हरल्या. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोला जिल्ह्यातलं आडगाव, आणि १५ डिसेंबरला गाविलगड. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली जिंकला त्याचं एक मोठं कारण त्याचे बैल होते, त्याची रसदीची व्यवस्था होती, आणि त्याच्याकडे ओढलेले बंजाऱ्यांचे तांडे होते. गाविलगडासाठी इंग्रजांच्या फौजेनं मेळघाटातून वाट करून जड तोफा किल्ल्याच्या उत्तरेला, लाबाड्याच्या बाजूला, ओढत नेल्या. तिथून भिंतीला खिंडार पडलं. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. उद्या कोणी यावर चित्रपट काढला तर तो बेनीसिंहाच्या तलवारीवर निघेल याची मला खात्री आहे. तोफा ओढणारे हात आणि वाट फोडणारे मजूर पडद्याबाहेरच राहतील, आणि आम्ही पुन्हा न कळता हरलेल्या लढाईला टाळ्या वाजवू.

म्हणून माझा निकाल असा: ‘पानिपत’ हा अर्धा चांगला चित्रपट आहे, आणि तो अर्धा पहिला आहे. ज्यांनी तो मोबाइलवर पुढं ढकलत पाहिला असेल, त्यांनी एकदा वह्यांची, वसुलीची आणि नदीउताराची दृश्यं न ढकलता पाहावीत. घाई असेलच, तर १४ जानेवारीची सकाळ उजाडली की बंद करावा.